थेंबवाल्या बाई

आमच्या डॉक्टरीणबाई बाळांना 'अहो' म्हणायच्या आणि आम्हांला 'अगं ए'.

नगरच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात मी नर्स म्हणून लागले, त्या पहिल्याच सकाळी मला वाटलं, वॉर्डात कुणी तरी बडं माणूस आलं आहे. पडद्याआडून आवाज येत होता, "काय हो, काल जेवलात का नीट? नाही? का बरं? आमच्या माणसांनी विचारलं नाही तुम्हांला?" मी टोपी सारखी करून आत डोकावले. आत एक पांढऱ्या पातळातल्या, पन्नाशी उलटलेल्या बाई कापसात गुंडाळलेल्या मूठभर जिवापुढे वाकून उभ्या होत्या. जीव आठव्या महिन्यात जन्मलेला, डोळेही न उघडलेला. बाई माझ्याकडे वळल्या आणि गरजल्या, "अगं ए नवी, ह्यांना उपाशी कुणी ठेवलं?"

मी अजून हजेरीपटावर सहीसुद्धा केली नव्हती.

पुढची काही वर्षं मी या बाईंच्या हाताखाली काढली, आणि त्यांतला बराचसा वेळ मी चिडलेली होते. आता कुणी त्यांचं कौतुक करायला लागलं की मला आधी तेच आठवतं. कौतुक करणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर काम केलेलं नसतं.

एक तर त्यांचा लंगोटांचा सोस. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा लंगोट बदलला की तो धुवायला टाकायचा नाही, आधी बाईंना दाखवायचा. त्या तो उजेडाकडे धरत, रंग बघत, बोटानं चाचपत, आणि मग सरळ नाकाजवळ नेत. "आंबूस आहे. उत्तम." किंवा "ह्याला वास बरा नाही, लक्ष ठेव." हे सगळं त्या कुठेही करत. एकदा संस्थेचे एक विश्वस्त, कापडाचे व्यापारी, पाहुण्यांना घेऊन दवाखाना दाखवायला आले होते. चहा समोर आला होता. बाई लंगोट घेऊन आत शिरल्या आणि त्यांच्यापुढे धरून म्हणाल्या, "बघा, बघा! काळी शी संपली, पिवळी आली! पोट चालू झालं यांचं!" त्या गृहस्थांनी चहाचा कप जो खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. पाहुण्यांना मी दाराशी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. बाई तोवर धुणंवालीला तोच लंगोट दाखवत होत्या.

त्यांच्या जेवणाची तऱ्हा निराळीच. वॉर्डात येणाऱ्या आज्या पदराआड मधाची बाटली किंवा गुळाचं पाणी आणत. नातवाला पहिली चव गोड द्यायची, आणि आईचा चीक पिळून मोरीत टाकायचा, ही घरोघरची रीत. बाई दारात उभ्या राहून आज्यांचे पदर तपासत. सापडलेला मध जप्त. मग दुपारी तोच मध त्या भाकरीशी खात, आणि आजी समोर बसून बघत असे. "तुमचा मध झकास आहे हो आजी," वर हेही. भांडणं मला मिटवावी लागत.

भिंगारला त्या दोन खोल्यांत एकट्या राहत. तिथून रोज सायकलीवर येत, पातळ काचा मारल्यासारखं खोचून, कॅरिअरला छत्री बांधलेली. तिथल्या लष्करी छावणीतले जवान त्यांना सलाम ठोकत, कारण त्यांच्या बायकाही आमच्याकडे येत. बाई सलामाला उत्तर म्हणून विचारत, "पोरगं शी करतंय का रे?" भर रस्त्यात, गणवेशातल्या माणसाला.

पण हे सगळं मी हसून सोडलं असतं. माझा खरा वैताग होता तो थेंबांचा.

आम्ही शिकून आलो होतो ते असं, की बाळ अपुऱ्या दिवसांचं असलं तर पहिले दोन-तीन दिवस तोंडात काही घालायचं नाही. कारणही चुकीचं नव्हतं. इतक्या लहान मुलाला गिळता येत नाही, दूध श्वासात गेलं तर खेळ संपला. ऊब द्यायची, जमलं तर शिरेतून साखरपाणी द्यायचं, आणि थांबायचं. मग हळूहळू डब्याचं दूध. आमचे मोठे डॉक्टर, ज्यांना आम्ही साहेब म्हणत असू, तेही तेच सांगत. साहेब काही हेकट नव्हते. त्यांनी लहान मुलं डोळ्यांदेखत गुदमरताना पाहिली होती.

बाईंना हे मान्य नव्हतं. बाळ जरा स्थिर झालं की नाकातून पोटात बारीक नळी घालायची आणि आईचा चीक, नुसते थेंब, दर तासाला सोडायचे. पिचकारीनं जोर लावायचा नाही. नळी वर धरायची, ते आपसूक उतरतील तसे उतरू द्यायचे. पुढच्या वेळी आधी नळीनं ओढून बघायचं, मागचे थेंब पोटात पडून आहेत की पुढे गेले. मग पोटावर हात ठेवायचा. मऊ असेल तरच पुढचे.

दर तासाला! आणि आम्ही नर्सा किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाय चीक काढायचा कोणी? आई रडतेय, सासू नको म्हणतेय, आणि आम्ही वाटी धरून बसलोय. एवढा खटाटोप करून वाटीच्या तळाशी जमायचं ते बोटाच्या पेराएवढं.

मी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, ह्या थेंबांनी कुणाचं पोट भरणार आहे?"

"कुणाचंच नाही."

"मग?"

"पोट भरायला देतंय कोण? मी आतड्याला कामाला लावतेय." त्यांनी खडू उचलला आणि वॉर्डाच्या फरशीवरच वेटोळ्यांमागून वेटोळी काढायला लागल्या. "हे आईच्या पोटात काय करत होते? भोवतीचं पाणी गिळत होते. महिनोन् महिने. त्या पाण्यावर हे आतडं वाढत होतं, शिकत होतं. हे घाईनं बाहेर आले, आणि आपण म्हणालो, बंद करा. रिकामं आतडं सुकतं गं. आतला पापुद्रा झिजतो. मग तीन दिवसांनी आपण वर डब्याचं दूध ओततो, पोट फुगतं, आणि आपणच म्हणतो, ह्यांना दूध सोसत नाही!"

फरशी नुकतीच पुसून झाली होती. सफाईवाली मावशी फडकं आपटून निघून गेली. ती वेटोळी शेवटी मीच पुसली.

हे त्या कुठून शिकल्या, ते नीट कळलं नाही. परदेशी मासिकं टपालानं शिळी होऊन यायची, ती त्या वाचत. बाकी "पाहून" एवढंच सांगत. साहेबांशी यावरून रोज खटके उडत. साहेब म्हणत, "मासिकातली बाळं काचेच्या पेटीत असतात, आपली गरम पाण्याच्या बाटल्यांत." बाई म्हणत, "आतडं तेच आहे." बाहेर बाकावर बसणाऱ्या नातेवाइकांनी त्यांचं नाव 'थेंबवाल्या बाई' ठेवलं होतं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हाचंही सांगून टाकते. निरोपसमारंभ होता, हार आणले होते, साहेब खरोखर मनापासून बोलत होते. मध्येच बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं ए, तू इथं हार बघत बसलीस, तर आत थेंब कोण देतंय?" साहेबांचं भाषण तिथंच राहिलं.

पण मला सांगायचं आहे ते दुष्काळाच्या वर्षातलं.

त्या वर्षी पाथर्डीकडची माणसं पोटासाठी मिळेल तिकडे पांगली होती. कुणी खडी फोडायला, कुणी राहुरीच्या बाजूला कालव्याकाठी जो काही ऊस तगला होता तो तोडायला. त्यातलीच एक बाई आमच्याकडे आली. विशीतली असेल. मोळी डोक्यावर असताना कळा सुरू झाल्या, अजून दोन महिने बाकी होते. टेम्पोत घालून आणली. मुलगी झाली, अगदी लहान. पण रडली चांगली.

बाईंनी नेहमीप्रमाणे थेंब सुरू केले. त्या विशीतल्या पोरीला भरपूर चीक होता. अंगात मूठभर मांस नाही, खायला दुष्काळात वाटतात ती सुकडी, आणि तरी वाटी भरायची. बाई खूश. "काय हो, नशीबवान आहात," मुलीला म्हणायच्या. मुलगी जरा तकतकीत दिसायला लागली. आई पडद्यापाशी उभी राहून बघत राही.

मग एका सकाळी पोट टणक लागलं. नळीतून हिरवं आलं. बाईंनी तत्क्षणी सगळं बंद केलं, साहेबांना बोलावलं, दोघांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. दुपारी लंगोटात रक्त दिसलं. बाईंनी तो लंगोट हातात धरला आणि या वेळी कुणालाच दाखवला नाही. उन्हं उतरायच्या आत मुलगी गेली.

साहेब म्हणाले, "मी सांगत होतो." आवाज चढवला नाही, पण सगळ्यांसमोर म्हणाले. आणि हुकूम काढला, की यापुढे पहिले तीन दिवस अपुऱ्या बाळाला तोंडी दूध बंद.

मला वाटलं होतं, बाई भांडतील. त्यांनी कोमट पाणी मागवलं, त्या मुलीला स्वतः आंघोळ घातली, स्वच्छ दुपट्यात गुंडाळली आणि बापाच्या हातात दिली. "वाचवता आलं नाही मला," एवढंच म्हणाल्या.

त्या पोरीची सासू मात्र बोलली. माझ्यासमोर, ती पोर खाटेवर पडलेली असताना. "तुझंच दूध बाधलं. चीक पाजू नगं म्हनत हुते मी. ईख हाय तुज्या अंगात."

पोरीनं भिंतीकडे तोंड केलं. तिला ताप होता, म्हणून घरी सोडता येत नव्हतं. नवरा आणि सासू उसाच्या फडावर परत गेली, कामावर गैरहजर राहून चालणार नव्हतं. ती एकटी राहिली. आणि तिचं दूध थांबेना. चोळी भिजून जायची. अशा वेळी छातीला घट्ट कापड बांधतात. ते बांधायला मी निघाले होते.

त्याच सकाळी देवळाली प्रवरेहून एक सून आणली होती. बागायतदार घर. तिला झटके येत होते, ऑपरेशन करून मूल काढावं लागलं. मुलगा झाला, दिवस अपुरे. आई औषधांच्या गुंगीत. तिला दूध येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी कापड घेऊन त्या पोरीच्या खाटेशी पोचले, तर बाई आधीच तिथं उकिडव्या बसलेल्या.

"तुझं लेकरू मला वाचवता आलं नाही," त्या म्हणत होत्या. "तुझं दूध वाया चाललंय. तिकडं एक पोरगा आलाय, त्याच्या आईला शुद्ध नाही. त्याला देशील का?"

इतकी निर्दय गोष्ट मी आजवर ऐकली नव्हती. मुलीला जाऊन अजून दोन दिवस झाले नव्हते.

ती पोर उठून बसली. "माज्या दुधानं माजं मेलं. आता लोकाचं मारू?" आणि तिनं शेजारचा तांब्या भिरकावला. तो बाईंच्या खांद्याला लागून भिंतीवर आदळला. बाईंचं पातळ सगळं भिजलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "विचार कर." आणि निघून गेल्या.

मी त्यांच्या मागे धावले. व्हरांड्यात गाठलं. "बाई, माणसाला काही मर्यादा असते! तिच्या जिवाचं काय होतंय, ते तरी बघा!"

"तू ते कापड बांधू नकोस अजून," बाई म्हणाल्या. मी काय बोलले ते जणू त्यांनी ऐकलंच नाही. मी वैतागानं रडले त्या दिवशी, साबणाच्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आले तर ती पोर लहान मुलांच्या खोलीबाहेर उभी. हातात वाटी. म्हणाली, "किती लागंल?"

आता देवळालीच्या मुलाची आजी. जाडजूड, कपाळाला मोठं कुंकू, दाराशी ठाण मांडून बसलेली. तिनं वाटी पाहिली. "ह्ये कोनाचं दूध?"

त्यांच्या जागी मी असते तर म्हणाले असते, दवाखान्याचं आहे. कुणीही तेच म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, "हिचं. परवा जिची मुलगी गेली, ती ही."

मी डोळे मिटले.

"आन् त्ये माज्या नातवाला?" आजी उभी राहिली. "येका लेकराला गिळलं त्ये दूध?"

बाई पुढे झाल्या. "आजी, तीन गोष्टी आहेत. तीन दिवस उपास. नाहीतर डब्याचं दूध. नाहीतर हे. मला विचाराल तर हे. नातू तुमचा आहे."

"ह्यानं त्येला कायी झालं तर?"

"होऊ शकतं," बाई म्हणाल्या.

'होऊ शकतं'! मला वाटलं, तिथंच कपाळ बडवून घ्यावं. काही होणार नाही आजी, देवावर भरोसा ठेवा, असं म्हणायला काय जात होतं?

आजीनं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्या पोरीकडे वळली. तिची भिजलेली चोळी, सुकलेलं तोंड पाहिलं. "तू कायी खाल्लंस का गं सकाळधरनं?" तिनं विचारलं. पोरीनं नकारार्थी मान हलवली. आजीनं आपल्या गाठोड्यातून भाकरी आणि लोणी काढलं, तिच्यापुढे ठेवलं. आणि बाईंना म्हणाली, "द्या. पर माज्या डोळ्यांदेखत द्या."

साहेबांना कळायला उशीर लागला नाही. ते तडक खोलीत आले. "मी दूध बंद सांगितलं होतं."

"दूध कुठे देतेय? थेंब देतेय," बाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता काही तरी फुटणार. पण त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, दाराशी बसलेल्या दोन्ही बायकांकडे पाहिलं. म्हणाले, "पोट जरा जरी फुगलं, तरी मला बोलवायचं. लपवाल तर मी तुम्हांला सोडणार नाही." आणि त्या दिवसापासून येता-जाता स्वतः येऊन त्या मुलाच्या पोटावर बोटं ठेवून जायला लागले.

थेंब थोडे वाढले. मग एका सकाळी पोट जरा टणक लागलं. बाईंनी नळी बंद केली. साहेब आले. दोघं पाळीपाळीनं पोट चाचपत राहिली. बाहेर ती पोर वाटी घेऊन आली होती, मी तिला हातानंच थांबवलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. "झालं," म्हणाली. "माजंच दूध." आजी तिच्या शेजारी सरकून बसली, पण दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

दुपार होत आली तेव्हा आतून बाईंचा ओरडण्याचा आवाज आला. बाई हातात लंगोट घेऊन धावतच बाहेर आल्या, साहेबांना जवळजवळ ढकलून, आणि त्या पोरीपुढे गुडघ्यांवर बसल्या.

"हे बघ! पिवळी! वास घे, वास घे!" आणि लंगोट तिच्या नाकाशी. "तुझ्या दुधाची आहे ही. आतडं चालतंय त्यांचं, पोट मऊ पडलं!"

ती पोर त्या लंगोटाकडे बघत राहिली. मग तिनं तो बाईंच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला, आणि रडायला लागली. मुलगी गेल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदाच रडत होती. आजीनं तिला जवळ ओढलं. साहेब खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले.

पुढे देवळालीच्या सुनेला शुद्ध आली, हळूहळू तिचं दूध उतरलं. मुलगा नळीवरून बोंडल्यावर आला, बोंडल्यावरून आईच्या अंगावर. साहेबांनी आपला हुकूम मागे घेतला नाही, पण त्याची पुन्हा कधी आम्हांला आठवणही करून दिली नाही.

पाथर्डीच्या पोरीचा ताप गेला आणि तिला न्यायला सासू आली, त्या दिवशी आजीनं नातवाला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्याला थोडा वेळ घेतलं, टाळूवर नाक टेकवलं आणि परत दिलं. मग बाईंपाशी आली.

"बाई, मग माजी कशानं गेली?"

"ते मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "पण दुधानं नाही. तुझ्या दुधानं नाही गेली ती. खात्रीनं सांगते."

आणि बाई तिचा दंड धरून तिला तडक फाटकापर्यंत घेऊन गेल्या. सासू गाठोडं घेऊन उभी होती. मी मागोमाग होते. बाईंचा आवाज रस्त्यापलीकडे गेला असेल. "अगं ए! हिच्या दुधावर देवळालीचा पोरगा जगलाय. आत जाऊन बघून ये. हिच्या दुधाला पुन्हा नाव ठेवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

"व्हय बाई," सासू पुटपुटली. तिनं सुनेच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. दोघी स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या.

त्या दोघी वळणाआड गेल्या. मग मी विचारलं, "बाई, आजीला तुम्ही 'होऊ शकतं' म्हणालात. हिला खात्रीनं कसं सांगितलंत? खरंच खात्री होती?"

"छे," बाई म्हणाल्या. "खात्री कुठली?"

"मग?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी साधी गोष्ट या मुलीला कळू नये म्हणजे काय.

"आजीला निर्णय घ्यायचा होता," त्या म्हणाल्या. "हिला त्या घरात राहायचंय."